सुईची भीती: आधी चक्कर थांबवा, मग भीतीकडे वळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, राहायला मुलुंडला. पित्ताशयात खडे झालेत, दुर्बिणीतून ऑपरेशन सांगितलंय. पण ऑपरेशनआधीच्या रक्ततपासण्याच वर्षभर रखडल्यात. कॉलेजात असताना रक्त काढताना चक्कर येऊन त्या खुर्चीवरून खाली पडल्या होत्या. तेव्हापासून लॅबच्या दारापर्यंत जातात आणि परत येतात. घरचे म्हणतात, ‘एवढ्याशा सुईला काय घाबरायचं? दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड.’ पाच वर्षांच्या मुलीला डीपीटीचा बूस्टर द्यायचाय, तिच्यातही ही भीती उतरेल का, ही आणखी एक काळजी.

घरच्यांचा हेतू चांगला असला तरी ‘अंग सैल सोड’ हा सल्ला तुमच्या बाबतीत उलटा पडतो. का, ते आधी बघू.

सुईला घाबरणाऱ्यांच्या दोन तऱ्हा असतात. पहिल्या तऱ्हेत छाती धडधडते, हात थरथरतात, पळून जावंसं वाटतं, पण माणूस शुद्धीवर राहतो. दुसऱ्या तऱ्हेत सुरुवात तशीच होते, रक्तदाब थोडा चढतोही. मग काही सेकंदांत किंवा काही मिनिटांत व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग कमी करते, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त खाली साचतं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस कोसळतो. पाल, उंची किंवा लिफ्ट यांच्या भीतीत सहसा कुणी बेशुद्ध पडत नाही, कारण तिथे रक्तदाब चढलेलाच राहतो. असा चढ आणि लगेच उतार रक्त, सुई आणि जखम यांच्याच भीतीत ठळकपणे दिसतो. घराण्यातही तो चालतो. आई, मामा किंवा बहीण यांपैकी कुणीतरी ‘मला रक्त बघवत नाही’ म्हणणारं बहुतेक वेळा निघतंच. धाडसाशी किंवा मनाच्या ताकदीशी याचा काही संबंध नाही. जिममध्ये शंभर किलो उचलणारा तरुणही रक्त काढताना पांढराफटक पडू शकतो.

आता रक्तदाब आधीच उतरणीला लागलाय आणि त्यात तुम्ही स्नायू सैल सोडलेत, तर तो आणखी उतरणार. भराभर खोल श्वास घेतलेत तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं जास्तच हलकं होतं. तुम्हाला गरज आहे ती अंग ताठ करून रक्तदाब वर धरून ठेवण्याची. त्यासाठीची ‘अप्लाइड टेन्शन’ नावाची पद्धत लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात बसवली आणि आजही या प्रकारच्या भीतीसाठी हाच पहिला उपाय मानला जातो. मुंबईत मात्र दहा जणांना विचारलंत तर नऊ जण ‘रिलॅक्स व्हा’ एवढंच सांगतील, आणि त्याची खंत वाटते. हा व्यायाम फुकट आहे आणि शिकायला एक आठवडा पुरतो.

पण आधी तुमची तऱ्हा कोणती याची खात्री करून घ्या. त्या दिवशी तुम्ही खरोखर पडलात, चेहरा पांढरा पडला, गार घाम आला, जांभया आल्या, मळमळलं, कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं, नजर कडेने काळी होत आत आली, तर ती रक्तदाब उतरण्याची चक्कर. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, श्वास पुरत नाहीसं वाटणं, छातीत धडधड, पण शुद्ध शाबूत, असं असेल तर ती घाबरून भराभर श्वास घेतल्याने होणारी अवस्था. घरी डिजिटल बीपी मशीन असेल तर अंदाज घेता येतो. पाठीला उशी लावून पलंगावर रेलून बसा, कुणाला तरी जवळ बसवा, पाच मिनिटांनी एक आकडा घ्या. मग फोनवर रक्त काढतानाचा व्हिडिओ लावा आणि दर मिनिटाला आकडा घेत राहा. वरचा आकडा आणि नाडी दोन्ही खाली येऊ लागले तर उत्तर मिळालं. त्याच क्षणी व्हिडिओ बंद करून आडवं व्हा.

एक इशारा. सुई किंवा रक्त समोर नसतानाही चक्कर येत असेल, जिना चढताना किंवा पळताना येत असेल, त्याआधी छातीत फडफड होत असेल किंवा घरात कुणाचा कमी वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर आधी ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञ. ईसीजीला सुई लागत नाही. आणि पित्ताच्या खड्यांबद्दल: उजव्या बरगडीखाली न थांबणारं दुखणं, थंडी वाजून ताप किंवा डोळे पिवळे दिसणं, यांपैकी काहीही झालं तर खालचा सगळा सराव बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

व्यायाम असा. पाठ टेकवून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर. दोन्ही मुठी, दंड, पोट, नितंब, मांड्या, पोटऱ्या एकदम आवळा. दहा ते पंधरा सेकंद आवळून धरा. चेहऱ्यावर गरमपणा जाणवला की बरोबर जमतंय. मग सोडा, पण आडवं पडल्यासारखं ढिलं होऊ नका, नेहमीच्या बसण्याइतपतच या. वीस-तीस सेकंद थांबा, पुन्हा आवळा. असे पाच वेळा म्हणजे एक आवर्तन. दिवसातून पाच आवर्तनं, सलग एक आठवडा. एका आवर्तनाला अडीच ते चार मिनिटं लागतात. सीएसएमटीकडे जाताना घाटकोपर ते कुर्ला या टप्प्यातही बसल्या जागी होऊन जातं, शेजारच्याला कळतही नाही.

यात दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, श्वास रोखला जातो. श्वास धरून जोर केला की परिणाम उलटा होतो, म्हणून आवळताना हळू आवाजात आकडे मोजा. बोलताना श्वास रोखता येत नाही. दुसरी, फार जोर लावला जातो आणि डोकं दुखतं. तसं झालं तर जोर निम्मा करा, कपाळ आणि जबडा मोकळा ठेवा. उच्च रक्तदाब, हृदयविकार, डोळ्याचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

चौथ्या दिवसापासून एक हात वेगळा काढायचा. ज्या हातातून रक्त काढणार तो मांडीवर उताणा, अगदी सैल. बाकी अंग आवळलेलं. हे सुरुवातीला अवघड जातं, कारण एक मूठ आवळली की दुसरीही आपोआप आवळते. पण याच टप्प्यावर सगळं अवलंबून आहे. आवळलेल्या हातात सुई गेली की जास्त दुखतं आणि शीर सरकते. पाय एकमेकांवर टाकून मांड्या एकमेकींवर दाबणं हा सोपा पर्याय आहे आणि लॅबमध्ये तोच जास्त वापरला जातो.

आता भीतीची पायरी. चक्कर आटोक्यात येणार याची शरीराला खात्री पटली की भीती अर्धी होते, पण वर्षानुवर्षं टाळत आलेल्या गोष्टीची सवय मुद्दाम मोडावी लागते. टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि ते सुटणंच भीतीला पोसतं. म्हणून शिडी करा. स्वतःला विचारा, शून्य ते दहामध्ये भीती किती? साधारण असा क्रम लावता येतो: बंद सिरिंजचं चित्र बघणं, रक्त काढतानाचा व्हिडिओ आवाज बंद करून, मग आवाजासकट, मेडिकलमधून दोन एमएलची सिरिंज आणून तिची सुई न काढता, टोपणासकट हातात धरणं, सिरिंजने पाणी ओढणं, सोडणं, स्पिरिटचा बोळा कोपराच्या आतल्या बाजूला फिरवणं, कारण अनेकांची चक्कर त्या वासानेच सुरू होते, घरच्या कुणाकडून दंडाला ओढणी बांधून घेणं आणि सिरिंजचं सुई नसलेलं तोंड कातडीवर टेकवून घेणं, लॅबमध्ये जाऊन नुसतं बाकावर दहा मिनिटं बसणं, दुसऱ्या कुणाचं रक्त काढताना बघणं, आणि शेवटी स्वतःचं.

प्रत्येक पायरीवर अंग आवळत बसा, आणि भीतीचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत तिथून उठू नका. आठावर असताना उठलात तर मेंदू शिकतो की उठल्यामुळे वाचलो. तीन-चारवर आल्यावर उठलात तर शिकतो की बसून राहिलं तरी काही झालं नाही. एका पायरीला कधी पाच मिनिटं लागतील, कधी पाऊण तास. एकच पायरी दोन दिवस सहज जमली की पुढची. आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा-पाऊण तास दिलात तर बहुतेकांना तीन ते चार आठवडे पुरतात. मधेच एखादी पायरी फार उंच वाटली तर तिच्या आधी एक छोटी घाला, शिडी सोडू नका.

एक वेगळी शक्यताही तपासून बघा. काहींची भीती खरी सुईची नसते, रिपोर्टमध्ये काय निघेल याची असते. पण ‘सुईला घाबरते’ असं म्हणणं सोपं जातं. रिपोर्ट हातात पडण्याच्या कल्पनेनेच सुईपेक्षा जास्त पोटात गोळा येत असेल, तर वरची शिडी अपुरी पडेल आणि डॉक्टरांशी आधी बसून बोलणं जास्त उपयोगाचं ठरेल. आणि लहानपणी चार जणांनी धरून, दाबून टोचल्याची आठवण असेल तर त्या आठवणीवर समुपदेशकाकडे वेगळं काम करावं लागतं.

लॅबच्या दिवसाची तयारी. सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारा की नेमक्या कोणत्या तपासण्या हव्यात आणि त्या एकाच वेळी होतील का. ऑपरेशनआधीच्या नेहमीच्या यादीत हिमोग्लोबिन आणि पेशी, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लिव्हर, रक्तगट, रक्त गोठण्याची चाचणी, एचआयव्ही आणि कावीळ बी-सी हे येतं. नळ्या चार-पाच, पण टोचणं एकच. नळ्या सुईच्या मागच्या टोकाला बदलत जातात. जांभळ्या झाकणाची पेशींसाठी, करडी साखरेसाठी, निळी गोठण्यासाठी, लाल किंवा पिवळी बाकीच्यांसाठी. सगळं मिळून साधारण पंधरा एमएल, म्हणजे चहाचे तीन चमचे. अंगात जवळपास पाच लिटर रक्त असतं. ‘फास्टिंग’ (उपाशीपोटी) आणि ‘पीपी’ (जेवणानंतरची) अशी साखर दोनदा सांगितली असेल तर दोन टोचण्या होतात. त्याऐवजी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, चालेल का, हे विचारायला हरकत नाही. त्याला उपाशी राहावं लागत नाही. मात्र बरंच अ‍ॅनिमिया किंवा थॅलेसेमिया असेल तर तो आकडा फसवा येतो, म्हणून निर्णय डॉक्टरांचा. गरोदर मैत्रिणीलाही सांगा: गरोदरपणातला मधुमेह तपासायला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी एकदाच रक्त घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, त्यात उपाशी राहणं नाही आणि दुसरी टोचणीही नाही.

उपाशी तपासणी म्हणजे अन्न नाही. साधं पाणी चालतं. हे माहीत नसल्याने लोक रात्रीपासून घोटभर पाणीही घेत नाहीत, मुंबईच्या दमट हवेत घामाघूम होऊन उभ्याने लोकलमधून येतात आणि लॅबमध्ये पडतात. टोचण्याच्या अर्धा तास ते दहा मिनिटं आधी अर्धा लिटर पाणी प्या. त्याने रक्तदाब थोडा वर राहतो आणि शीरही ठळक होते. रक्तदात्यांमध्ये ही युक्ती चक्कर कमी करते हे दिसून आलंय. (मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर ते सोडा.) शनिवार-रविवारी सकाळी साडेसात ते दहा सगळ्या लॅबमध्ये गर्दी असते, रक्त काढणाऱ्याचा हात घाईत असतो. उपाशी राहायची गरज नसेल तर मधल्या वारी अकरानंतर जा. घरी येऊन रक्त नेणारी सोय आता जवळपास सगळीकडे आहे आणि तुमच्यासाठी तीच चांगली, कारण स्वतःच्या पलंगावर आडवं होता येतं. बुक करतानाच सांगा की लहान मुलांचं रक्त काढणारा सरावाचा माणूस पाठवा.

आल्यावर किंवा गेल्यावर एवढं बोला, जमलं तर कागदावर लिहून न्या: ‘मला सुई टोचताना चक्कर येते, आधी पडलेय. झोपून ब्लड काढायचंय. टोचण्याआधी एकदा सांगा, मग झालं की सांगा. मधे नळ्या दाखवू नका.’ महापालिकेच्या दवाखान्यात स्टुलावर बसवून रक्त काढतात; तिथेही सिस्टरना हेच सांगा. रांगेत मागे व्हावं लागेल, पण पडलेल्या पेशंटला उचलण्यापेक्षा बाकावर झोपवणं त्यांनाही सोयीचं असतं. सांगायला लाजू नका.

दुखणं कमी करण्याची साधनं आहेत आणि ती मोठ्या माणसांनीही वापरायला हवीत. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन अडीच-अडीच टक्के असलेलं बधिर करणारं क्रीम मेडिकलमध्ये प्रिलॉक्स या नावाने मिळतं. मोठ्या माणसाला एका जागी साधारण दोन ग्रॅम पुरतं. चोळायचं नाही, कोपराच्या आतल्या बाजूला जाड थर द्यायचा, वर पारदर्शक चिकटपट्टी किंवा स्वयंपाकघरातली प्लास्टिकची फिल्म, आणि किमान एक तास थांबायचं. वीस मिनिटांनी पुसून टोचून घेतलं आणि ‘क्रीमचा उपयोग नाही’ असं म्हणणारे बरेच असतात. वेळ पाळली नाही तर उपयोग होतच नाही. कातडी पांढरी पडते आणि शीर थोडी दबते, म्हणून पुसल्यावर दहा मिनिटं थांबा. फुटलेल्या कातडीवर लावू नका. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांनी आणि तान्ह्या बाळांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. कोणत्या हाताची शीर बरी मिळते हे माहीत नसेल तर दोन्ही कोपरांना लावा.

सुईच्या जाडीचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. रक्तासाठी २१ ते २३ नंबर वापरतात. २३ नंबरची बटरफ्लाय सुई मागा: तिला दोन पंख आणि बारीक नळी असते, हात हलला तरी सुई आत हलत नाही. त्याहून बारीक सुईचा हट्ट धरू नका. रक्तपेशी फुटतात, नमुना बाद होतो आणि पुन्हा टोचावं लागतं. स्पिरिट वाळू द्या, निदान अर्धा मिनिट. ओल्या स्पिरिटवर टोचलं की चरचरतं आणि ते दुखणं लोक सुईच्या नावावर मांडतात. दंडाचा पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त आवळून ठेवू नये. ‘मूठ उघड-मीट करा’ असं सांगितलं तर एकदा मिटून धरा, पंप मारल्यासारखं करू नका. त्याने पोटॅशियमचा आकडा खोटा वाढतो. सुई आत जाताना एकदा खोकला तर दुखणं थोडं कमी जाणवतं. बोटांपर्यंत विजेचा झटका गेल्यासारखं झालं तर लगेच सांगा. सुई काढायला हवी. दोन वेळा शीर सापडली नाही तर तिसरा प्रयत्न दुसऱ्या व्यक्तीने करावा, हा चांगल्या लॅबचा शिरस्ता आहे आणि तो मागायचा तुम्हाला हक्क आहे.

अंग आवळणं पट्टा बांधताना सुरू करा आणि सुई निघाल्यावरही दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. ‘झालं एकदाचं’ म्हणून सैल सोडल्यावर पडणारे बरेच असतात, कारण रक्तदाबाचा उतार तेव्हाच येतो. बोळा दाबून धरताना हात सरळ ठेवा. कोपर मुडपून बसायची सवय सगळ्यांना आहे आणि काळानिळा डाग बहुतेक त्यामुळेच पडतो. तीन ते पाच मिनिटं दाबा. मग बसा, दोनदा अंग आवळा, मग उभ्या राहा. पंधरा मिनिटं तिथेच थांबा, बिस्किटं-चहा घ्या. लगेच स्टेशनचा जिना चढू नका आणि त्या दिवशी लोकलच्या दारात उभं राहायचं नाही.

सोबत येणाऱ्याला हे समजावून न्या. चक्कर येऊ लागली तर जागच्या जागी जमिनीवर झोपवायचं आणि पाय खुर्चीवर ठेवायचे, बस्स. दोघांनी दोन्ही खांद्यांना धरून खुर्चीत ताठ बसवून ठेवणं हे सगळ्यात वाईट; मेंदूला रक्त पोचतच नाही, हातपाय झटके देतात, आणि मग ‘फिट आली’ म्हणून नाकाशी कांदा आणि चप्पल येते. आडवं केल्यावर बहुतेक जण मिनिटभरात शुद्धीवर येतात. पाणी पूर्ण जाग आल्यावरच. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखलं किंवा डोक्याला मार लागला तर रुग्णवाहिका बोलवा.

ऑपरेशनबद्दल. पूर्वतपासणीला भूलतज्ज्ञ भेटतात, त्यांना पहिलंच वाक्य सुईचं सांगा. सगळ्यात जास्त मदत तेच करू शकतात. सलाईनसाठी सुई टोचतात, पण ती लगेच बाहेर काढतात. आत राहते ती मऊ प्लास्टिकची नळी. हात वाकवला तर सुई मोडेल ही भीती अनेकांना रात्रभर जागवते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. निळी नळी बारीक, गुलाबी मध्यम, हिरवी जाड; ऑपरेशनला बहुतेक गुलाबी किंवा हिरवी लागते. विनंती अशी करता येते: नळी घालण्याआधी हातावर तासभर क्रीम, नळी घालतानाच लागेल ते रक्त त्यातून घ्यावं, पुढची सगळी औषधं नळीतूनच द्यावीत. अ‍ॅलर्जी आहे का हे बघायला अँटिबायोटिकचा ‘टेस्ट डोस’ अनेक ठिकाणी कातडीत वेगळा टोचतात आणि तो चरचरतो. होणार आहे का, कधी, हे आधी विचारून ठेवा म्हणजे अवचित येणार नाही. टाके विरघळणारे घालता येतील का हेही विचारा.

चिंतेची गोळी मागायचा मोह होतो. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या दिवसापुरती दिली तर हरकत नाही, पण शेजारणीकडची अल्प्राझोलम घेऊन लॅबमध्ये जाऊ नका. तिने झापड येते, सावरण्याची ताकद कमी होते, आणि शिडीवरचं शिकणंही रुजत नाही. गोळीमुळे जमलं असं मन धरून बसतं. चार आठवडे करूनही शिडीच्या मधल्या पायरीवर अडकलात तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा आणि सरळ विचारा: ‘ब्लड-इंजेक्शन फोबियासाठी अप्लाइड टेन्शन आणि एक्स्पोजर करता का?’ (म्हणजे वरचा अंग आवळण्याचा व्यायाम आणि शिडी.) नुसत्या गप्पांचं समुपदेशन इथे पुरत नाही. केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या इस्पितळांत मानसोपचार ओपीडी आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, फुकट आणि मराठीतही बोलतो.

काही टोचण्या शिडीसाठी थांबत नाहीत. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा आहेत. आजची लस दंडात, चार किंवा पाच वेळा. खोल चाव्यात जखमेभोवती वेगळं इंजेक्शन लागतं, ते दुखतं, पण टाळायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसली की उपचार हातात राहत नाही. अशा वेळी आडवं व्हा, अंग आवळा, टोचून घ्या.

आता मुलगी. प्रवृत्तीचा काही भाग रक्तातून येतो, पण बराचसा घरातून शिकला जातो. ‘रडलीस तर डॉक्टरकाका टुच करतील’ हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका, आजी-आजोबांनाही सांगा. ‘अजिबात दुखणार नाही’ असंही म्हणू नका, कारण दुखलं की पुढच्या वेळी ती तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. सकाळी, म्हणजे दोन-तीन तास आधी, साध्या शब्दांत सांगा: ‘आज दंडाला लस आहे. थोडं चिमटीसारखं होईल, तू पाच म्हणेपर्यंत संपेल.’ आठवडाभर आधी सांगितलं तर ती आठवडाभर घाबरेल. बालरोगतज्ज्ञांना विचारून दंडाला क्रीम लावता येईल. टोचताना तिला झोपवू नका, धरून दाबू नका. तिला तुमच्या मांडीवर, छातीला छाती लावून बसवा, तिचा एक हात तुमच्या काखेखालून मागे, दुसरा दंड मोकळा. फुगे उडवायला द्या, फुंकताना टोचलं की कमी जाणवतं. तुम्हाला स्वतःला बघवत नसेल तर त्या दिवशी बाबा किंवा मावशी मांडीवर घेऊ दे आणि तुम्ही तिच्यासमोर बसून अंग आवळत गोष्ट सांगा. तुमचा चेहरा घाबरलेला दिसला तर ती तो वाचतेच. डीपीटीनंतर दंड दोन दिवस दुखतो, कधी ताप येतो. गार पाण्याची पट्टी आणि डॉक्टरांनी वजनावर सांगितलेलं पॅरासिटामॉल पुरतं. घरी परतल्यावर ‘खूप दुखलं का गं?’ असं सारखं विचारू नका. ‘तू दंड सैल ठेवलास आणि फुंकत राहिलीस’ हे एकदा सांगा, आणि रात्री बाबांनाही तेच तिच्या तोंडून ऐकू दे.